फेकून देतात तो मासा

एडिसन, न्यू जर्सी
१८ जुलै

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. आई, फोनवर माझा आवाज उतरलेला वाटला तो नेटवर्कचा दोष समज.

फोटोतल्या माशाला तू घाबरलीस म्हणून सविस्तर लिहितो. त्याचं नाव सी रॉबिन. डोकं हाडाच्या डबीसारखं, पर पंखासारखे पसरलेले, आणि त्यांच्या पुढे दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं. त्या बोटांवर तो तळाला चालतो. बाहेर काढल्यावर घुरघुरतो, तेही पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, भुताटकी नाही.

इथली रीत मात्र मला अजून उमगलेली नाही. लोक पहाटेपासून सँडी हूकच्या समुद्रकिनाऱ्यावर गळ टाकून उभे. सगळ्यांना हवा फ्लूक, म्हणजे चपटा मासा. तो मापाला कमी भरला तर कायद्यानं सोडायचा. आणि हा सी रॉबिन लागला तर शिवी देऊन सोडायचा, कारण दिसायला वाईट, काटेरी, मांस शेपटीतच. म्हणजे आवडता सोडावा लागतो, नावडता आपणहून सोडतात, रिकामी बादली घेऊन घरी जातात आणि वर मजा आली म्हणतात! हरिपूरच्या संगमावर असं कोणी केलं तर घरचे दारात उभं करणार नाहीत.

पकडायला अवघड नाही. साठ-ऐंशी ग्रॅमचं शिसं तळाला टेकवायचं आणि गळाला माकळीची (स्क्विडची) बोटभर पट्टी लावायची. पट्टी रुंद कापली तर ती पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते आणि दोर पिळतो. कल्ल्यावरचे काटे विषारी नसतात, पण बोचले की ठणकतं, म्हणून जाड हातमोजा आणि पक्कड. लगेच कल्ला कापून रक्त जाऊ द्यायचं आणि मासा बर्फात. उन्हात राहिला तर मांस मऊ पडतं, मग लोक म्हणतात याला चवच नाही.

साफ करताना पाठीवरचे पर कापून काढायचे. मग डोक्यामागे वरून सुरी घालून मणका तोडायचा, पोटाकडची कातडी तशीच ठेवायची. डोकं खाली वाकवून ओढलं की कातडी आणि आतडी एकदम निघतात, हातात पांढरी शेपटी उरते. अर्ध्या किलोच्या माशात दीडशे ग्रॅम मांस, फार तर.

मीठ, आपल्या सांगलीची हळद आणि लिंबू, दहाच मिनिटं. तुकडे पुसून कोरडे केले नाहीत तर रवा तव्यालाच राहतो. एका बाजूला दोन-तीन मिनिटं पुरे. डोकं फेकायचं नाही, त्याचा रस्सा करायचा, पण कल्ले आठवणीनं काढायचे, नाहीतर रस्सा कडू होतो. वीस मिनिटं उकळून पाणी फडक्यानं गाळायचं, नाहीतर काटे राहतात. त्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि तुझा कांदा-लसूण मसाला. चिंच थोडीच.

बाबा, मासेमारीची नोंदणी केली आहे. ती फुकट असते, व्हिसाला बाधा नाही. आणि हो, पाण्यात उतरावं लागत नाही, काठावरूनच होतं. पैसे वाचवायला मासे खातो असंही मनात आणू नका. दुकानात मासा महाग आहे, पण तेवढं परवडतं.

या महिन्यात चाळीस हजार पाठवलेत. त्यातले पंचवीस कर्जाच्या हप्त्याला, उरलेले बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे. आधीच पाठवायला हवे होते. ऑपरेशनला कोण सोबत होतं ते तुम्ही कोणीच सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

राणीच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी अडवू नका. दिवाळीनंतर रजा मिळेल असं वाटतं, पण शब्द देत नाही. माझ्यासाठी सांगून आलेल्या तासगावच्या स्थळाला तूर्त नाही म्हणून कळवा. मुलीकडच्यांना ताटकळत ठेवायला नको.

मसाला संपत आलाय, पण मुद्दाम पाठवू नकोस, कुरिअरला फार पडतात. कोणी येणार असेल तरच, अर्धा किलो.

तुमचा,
बाळू