वीणा उतरल्यावर दत्ताला

कोल्हापूर,
ज्येष्ठ वद्य एकादशी

प्रिय दत्ता,

राम कृष्ण हरी.

दोन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही. तुझं दिवाळीचं पत्र आलं होतं, तेही तसंच ठेवून दिलं. राग धरू नकोस. फोन लावला की तुझी सून उचलते, मग ती तुझ्या कानाशी ओरडणार. मला जे सांगायचंय ते तिनं ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. तब्येत ठीक. साखर वरखाली होते, गोळी चालू आहे. हिचे गुडघे होते तसेच.

दत्ता, वीणा माझ्या गळ्यातून उतरली.

वैशाखातला अखंड हरिनाम सप्ताह. पाचव्या रात्री तीन ते पाच वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचा पहारा माझा होता. संध्याकाळी भूक नव्हती म्हणून नुसतं ताक पिऊन गेलो होतो. काकड्याची मंडळी अजून यायची होती, दोन म्हाताऱ्या भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. नाम चालू होतं आणि एकदम डोळ्यांपुढं काळोख आला. खांब धरायला हात टाकला तो हुकला. पुढचं मला दिसलं नाही, ऐकू तेवढं आलं. वीणेचा भोपळा फरशीवर आपटल्याचा आवाज. सात दिवस जी जमिनीला लागू द्यायची नाही, ती माझ्या हातून लागली.

सतरंजीवर झोपलेलं सुताराचं पोरगं त्या आवाजानं उठलं. तेच रे, शेंबूड पुसत तुझ्या पखवाजापुढं येऊन बसायचं ते. आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं काढून आलंय. त्यानं आधी वीणा उचलली, गळ्यात घातली, नाम धरलं आणि मग दुसऱ्यांना हाक मारली, "नानांना बघा!" आधी वीणा, मग मी. बरोबरच केलं. तू असतास तर तूही हेच केलं असतंस.

काल्याच्या कीर्तनानंतर थोरल्यांनी जवळ बसवून घेतलं. "नाना, आता जरा हलकं व्हा. आषाढीला नंदवाळच्या दिंडीत वीणा हे पोरगं धरंल. तुम्ही शिध्याचं बघा." कुणी वावगं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आता खरं सांगतो. हे हिलाही सांगितलेलं नाही.

सगळ्यांपुढं मी वीणा त्याच्या गळ्यात घातली. त्यानं माझ्या पायांवर डोकं टेकवलं, अगदी पूर्ण. आता मी वाकायचं. देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं, ही रीत आपण मिसरूड फुटायच्या आधीपासून बघतोय. माझी मान खाली गेली आणि तिथंच थांबली. शेजारच्यानं कोपर धरलं, "राहू द्या नाना, चक्कर येईल." मी त्या हाताचा आधार घेतला आणि ताठ उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं आजारी माणूस आहे. दत्ता, मला चक्कर येत नव्हती. मला वाकायचं नव्हतं.

बावीस वर्षं दिंडीत ती माझ्या गळ्यात होती. निघताना टाळकरी पाया पडणार, वाटेत बायाबापड्या पडणार, नंदवाळच्या विठ्ठलापाशी पोचल्यावर पुन्हा सगळे पडणार. पडतात ते वीणेच्या पाया, हे मीच नव्या पोरांना शिकवलं. पण पाय माझे होते ना. इतक्या वर्षांत मी पांडुरंगाशिवाय कुणापुढं मनापासून वाकलेलोच नाही, हे त्या दिवशी कळलं.

तुझं ते वाक्य तेव्हापासून कानात आहे. २०१४ ची गोष्ट. फाउंड्रीच्या आवाजानं तुझे कान गेले, ताल मागं पडायला लागला आणि पखवाज दुसऱ्याकडं गेला. मी तुला मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिराबाहेर गाठून मोठ्या शहाणपणानं म्हणालो होतो, "देव काय पखवाजात असतो का? टाळ घे आणि उभा राहा." तू म्हणालास, "तुझ्या गळ्यातली काढतील तेव्हा येऊन सांग." मला त्याचा इतका राग आला की तुझा टेम्पो चिंचवडला निघाला तेव्हा मी घरात असून खाली आलो नाही. मी बोललो ते खोटं नव्हतं, पण ते बोलायचा अधिकार मला नव्हता. आज आलाय, आणि आज ते वाक्य तोंडातून निघत नाही.

काल कपाट आवरताना पखवाजाची जुनी गवसणी सापडली. तुझ्या आईची पुरणपोळीची तेलातली कणीक आठवते का? घाईत साध्या कणकेऐवजी तू तीच उचलून धुमाला, पखवाजाच्या डाव्या तोंडाला, थापलीस, आणि पहिल्या अभंगाला पखवाज असा गुरगुरला की बुवा दचकून मागं बघायला लागले. आणि तुझी आई हातात रिकामी परात घेऊन दारात उभी! त्या दिवशी तुमच्याकडं पोळ्यांऐवजी कटाची आमटी आणि भातच झाला. नंदवाळच्या वाटेवर पुईखडीच्या रिंगणात लय आधी कुणी चढवली, हे भांडण मात्र मी अजून सोडलेलं नाही. तूच चढवलीस.

हिच्याजवळ मी एवढंच म्हणालो की आता वयाला मान राहिला नाही. तीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई ती. म्हणाली, "मान जन्मानं येत नाही म्हणून शाहू महाराजांनी १९२० साली पाटगावच्या मठावर ब्राह्मणेतर क्षात्रजगद्गुरू नेमला. त्याच कोल्हापुरात मान वयानं येतो असं कुठं लिहिलंय?" मी ताटावरून उठलो. तिचं चुकलं नव्हतं, पण माझी कळ दुसरीकडं होती आणि ती तिला दाखवायची लाज वाटत होती.

नेम एकही मोडलेला नाही. माळ आहे, आजचा उपास आहे, हरिपाठ रोज होतो. पण मंदिरात हरिपाठाला तीन आठवडे गेलो नाही. घरीच म्हणतो, दार लावून. शिध्याची यादी केली, तांदूळ, गूळ, शेंगदाणे सगळं लिहिलं, आणि पोराच्या हाती पाठवून दिली.

परवा मात्र गेलो. त्या पोराचं कीर्तन होतं. हैबतबाबा आरफळकरांचं सांगत होता. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार असलेला माणूस, माउलींच्या पालखीचा आजचा थाट ज्यानं घालून दिला, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणले, आणि शेवटी जागा कुठं घेतली तर आळंदीच्या महाद्वारातल्या पायरीत. आपण दोघं त्या पायरीवर डोकं ठेवून आलोय. तुला आठवत असेल, गर्दीत तुझी चप्पल गेली आणि तू पुण्यापर्यंत अनवाणी आलास. पोरगं छान बोललं. चाल नवी लावतं, ती मला रुचत नाही, तिसऱ्या चरणाला घाई करतं. पण सांगताना त्याचा गळा दाटला होता आणि ते खरं होतं. मी खांबाआड बसलो होतो. त्यानं मला बघितलं आणि जागेवरूनच हात जोडले. कीर्तनात उभा असलेला माणूस, त्याच्या गळ्यात हार, आणि त्यानं हात जोडले. मी उठून निघून आलो. माझ्यानं बसवेना.

वर्षानुवर्षं मी चुकलो तर विठ्ठलाला सांगत आलो. या वेळी त्याच्यापुढं उभं राहिलं की डोळे पायांवरच ठरतात, वर होत नाहीत.

नातीचं बारसं झालं का? नाव कळव. तुझ्या त्या नव्या मशीनचं काय, लागतं का कानाला? वहिनींना नमस्कार. इकडं पावसानं जोर धरलाय, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला.

आषाढीला पंधरा दिवस आहेत. सकाळी दिंडी निघताना प्रत्येक टाळकऱ्यानं वीणेकऱ्याच्या पाया पडायचं असतं. त्या रांगेत मला उभं राहायचंय. या वेळी कुणी कोपर धरलं तर मी पुन्हा ताठ राहीन, याची भीती वाटते. म्हणून तू ये. माझ्या पुढं उभा राहा, तू वाकलास की मी वाकेन. तुला ऐकू आलं नाही तरी पावलं दिसतात, आणि नंदवाळची वाट तुझ्या पायांना पाठ आहे. दशमीला दुपारपर्यंत पोच. स्टँडवर मी येतो.

आणि येताना तुझ्या वडिलांचे टाळ माळ्यावर असतील ते काढून आण. बावीस वर्षांत मला लागले नाहीत, घरात एक जोड नाही.

तुझा,
नाना