मुलांची पोटगी : वर्ष उलटू देऊ नका

महोदय,

मुलांच्या पोटगीचा आदेश हाती पडला की लढाई संपली, असे तासगाव-जतकडच्या अनेकींना वाटते. मेख पुढेच आहे. थकीत रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो; नंतर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. ‘उसाचं बिल आलं की देतो’ यावर विसंबून नेमके तेच वर्ष सरते!

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पोटगीविषयीच्या कलम १४४ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) मुलांबाबत औरस-अनौरस हा भेद नाही. पत्नी राहते तिथल्या न्यायालयातही पोटगीचा अर्ज चालतो. सोबत उत्पन्न-मालमत्तेचे शपथपत्र पूर्ण भरून जोडा. अंतरिम (निकाल लागेपर्यंतची) पोटगी त्यावरच ठरते. सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया व मुलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

– एक वकील, विटा (जि. सांगली)