जूनपासून माऊची शाळा तुमच्या हाती

पुणे, 12 मे

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुम्ही दोघे जूनपासून आमच्याकडे राहायला येणार हे नक्की झाल्यापासून मला रात्री शांत झोप लागू लागली आहे. माझी सकाळची ड्यूटी सातला सुरू होते, माऊच्या पप्पांची चाकणची बस त्याही आधी निघते, आणि गेले वर्षभर माऊला तयार करून व्हॅनमध्ये बसवण्याचे काम शेजारच्या वहिनींनी अगदी आपलेपणाने केले. पण दुसऱ्याच्या भरवशावर किती दिवस राहायचे? आता ती दुसरीत जाईल. तिला शाळेत पोचवणे, आणणे, डबा, डायरी हे सारे तुमच्यावर सोपवताना शाळेची पद्धत नीट लिहून कळवावी असे वाटले, कारण फोनवर निम्मे सांगायचे राहूनच जाते. बाबा, तुमची सारी नोकरी नगरच्या मिशन शाळेत शिकवण्यात गेली, तेव्हा शाळा कशी चालते हे मी तुम्हाला सांगावे याचा थोडा संकोच वाटतो. तरीही सांगते, कारण ही शाळा मुलांकडून जेवढी अपेक्षा करते तेवढीच, किंबहुना काकणभर अधिक, घरच्या माणसांकडून करते.

पहिली गोष्ट वेळेची. पूर्वी ही शाळा सकाळी साडेसातला भरत असे. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे शासनाने 2024 साली ठरवल्यापासून ती नऊला भरते. नऊ म्हटल्यावर हाताशी भरपूर वेळ आहे असे वाटते, पण तसे नाही. फातिमानगरहून कॅम्पात जायचे म्हणजे भैरोबा नाल्याचा चौक पार करावा लागतो आणि त्या वेळी सोलापूर रस्त्यावरची गर्दी ऐन भरात असते. शाळेचे फाटक आठ चाळीसला उघडते, आठ पंचावन्नला पहिली घंटा होते आणि नऊच्या ठोक्याला प्रार्थना सुरू होताच फाटक बंद होते, ते प्रार्थना संपेपर्यंत उघडत नाही. उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा होत नाही, कोणी रागावतही नाही. त्याच्या डायरीत फक्त वेळ लिहिली जाते आणि खाली पालकांची सही मागितली जाते. म्हणून घरातून सव्वाआठला निघायचेच. रिक्षावाले दादा ठरवून ठेवले आहेत, ते आठ दहाला खाली येतील.

प्रार्थना चुकू नये याबद्दल मी इतकी आग्रही का आहे, ते गेल्या जुलैत घडलेल्या प्रसंगावरून तुम्हाला कळेल. तेव्हा मी तो फोनवर सांगितला नव्हता. त्या आठवड्यात माझी दुपारची ड्यूटी होती, म्हणून मीच तिला सोडायला निघाले. त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पवित्र शास्त्रातल्या तेविसाव्या स्तोत्रातली पहिली तीन वचने म्हणण्याची पाळी माऊची होती आणि आठ दिवस ती घरभर तीच वचने म्हणत फिरत होती. सगळे लवकर व्हावे म्हणून तिचे दप्तर मीच भरले, वेण्या मीच घातल्या, मोजेही मीच चढवले. त्या गडबडीत डायरी टेबलावर राहिली आणि ती आणायला मला तीन जिने परत चढावे लागले. पाऊस धो धो कोसळत होता. आम्ही पोचलो तेव्हा नऊ वाजून चार मिनिटे झाली होती. वॉचमनकाकांनी हाताने ‘थांबा’ अशी खूण केली आणि आम्ही दोघी एका छत्रीखाली फाटकाबाहेर उभ्या राहिलो. आत स्पीकरवर तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी तेविसावे स्तोत्र म्हणत होती. माऊ रडली नाही. तिने ओल्या दप्तराचा पट्टा तसाच हातात ठेवून हात जोडले, डोळे मिटले आणि त्या मुलीच्या मागोमाग ओठ हलवत तिन्ही वचने पूर्ण केली. नंतर माझ्याकडे वर पाहत ती म्हणाली, ‘डायरी मी रात्रीच ठेवत होते, तूच राहू दे म्हणालीस.’ आई, त्या शब्दांनी मला जे वाटले ते मी कागदावर उतरवू शकत नाही.

त्या दिवसापासून दप्तर ती स्वतः भरते, तेही रात्री, जेवणानंतर. वर्गशिक्षिकांनीही पहिल्याच पालकसभेत हेच बजावले होते, की मुलाचे काम पालकांनी करू नये, त्याच्याजवळ बसून राहावे. तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे, की ती पुस्तके उलटसुलट ठेवेल, कंपास विसरेल, एक वेणी वर आणि एक खाली येईल, तरी हात पुढे करू नका. बूट मात्र रात्रीच पुसून ठेवायचे, हे तिला एकदा आठवण करून द्यावे लागते. बाबा, फाटकापासून वर्गापर्यंत दप्तर तिच्याच पाठीवर असू द्या. तुमच्या गुडघ्यासाठीही ते बरे आणि तिच्यासाठीही. ओझ्याची काळजी करू नका. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये असा शासनाचा नियम आहे आणि शाळा अधूनमधून दप्तरे खरोखर काट्यावर ठेवते. माऊचे वजन 22 किलो आहे, म्हणजे दप्तर 2.2 किलोच्या आत हवे. स्वयंपाकघरातला काटा त्यासाठीच ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला आहे. पाण्याची बाटली भरून नेण्याऐवजी शाळेत भरली तर काटा आपोआप खाली येतो.

बाबा, तुम्ही फोनवर विचारले होते, की शाळेत इतर धर्मांची मुले निम्म्याहून अधिक असताना सगळ्यांना प्रार्थना म्हणायला लावतात का. लावत नाहीत. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, हे आपल्या राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदातच आहे, आणि शाळा प्रवेशाच्या वेळी पालकांना ते स्पष्ट सांगते. ज्यांना म्हणायचे नसेल त्यांनी शांत उभे राहावे, एवढेच मागणे असते. प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा, राष्ट्रगीत आणि 2023 पासून राज्यगीत होते. गुरुवारी मात्र प्रार्थना मराठीत असते, पेटीवर आपल्या उपासनेतले एखादे जुने भजन होते, आणि त्या दिवशी माऊच्या शेजारी उभी राहणारी मुसलमान मैत्रीण तिच्याहून अधिक सुरात गाते. आई, तुला येणारी भजने संध्याकाळी तिला शिकवशील तर तिला फार आवडेल. चाल मला नीट लागत नाही.

डब्याचे नियम थोडे कडक आहेत. छोट्या सुट्टीत फळ, मोठ्या सुट्टीत पोळी-भाजी, थालीपीठ, भाकरी, उपमा असे काहीही घरचे चालते. पाकिटातले काही चालत नाही. मांस, मासे, अंडे डब्यात देऊ नये असे सांगितले आहे, कारण मुले एकमेकांच्या डब्यातले खातात आणि कोणाच्या घरच्या रीतीला धक्का लागू नये ही त्यामागची भावना आहे. मला हा नियम मनापासून पटतो. आई, रविवारच्या मटणाचा रस्सा सोमवारी तिच्या डब्यात द्यावा असे तुला वाटेल, हे मला ठाऊक आहे. तो तिला घरी आल्यावर वाढ. जेवणाआधी मुले मिनिटभर आभार मानतात आणि डबा संपवून परत आणणे हा त्या आभारांचाच भाग आहे असे शिक्षिका त्यांना सांगतात, म्हणून दोन पोळ्यांच्या जागी तीन भरू नकोस. उरलेले तिला परत आणावे लागते आणि त्याचे तिला वाईट वाटते.

अभ्यासाबद्दल मी बाबांना आधीच सांगून ठेवते. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असे 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे आणि ही शाळा ते पाळते. वही रिकामी दिसली तर शाळा शिकवत नाही असे समजू नका. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन आणि आठवड्याचे एक वचन पाठ, एवढेच घरी करून घ्यायचे असते. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी मराठी सक्तीची आहे, आणि मराठी वाचनात माऊ मागे आहे, जोडाक्षरांपाशी अडते. तुम्ही रोज रात्री तिच्याकडून पवित्र शास्त्रातला एक छोटा उतारा वाचून घेतलात तर वचनही पाठ होईल आणि जोडाक्षरेही सुटतील. पाढ्यांची घाई नको. चुकली तर तिला पुन्हा वाचू द्या, आवाज चढवू नका; मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेच बंद केला आहे, पण या शाळेने जूनमध्ये पालकांकडूनही एका कागदावर सही घेतली, की घरीही मारणार नाही आणि इतरांसमोर कमी लेखणार नाही. त्या कागदावर आता तुमच्याही सह्या लागतील. बाबा, तुम्ही आम्हा तिघांवर कधी हात उगारला नाहीत, तेव्हा ती सही करताना तुम्हाला काहीच वेगळे वाटणार नाही.

गणवेश रोजचाच, बुधवारी मात्र पी.टी.चा पांढरा. मावशीच्या लग्नातली मेंदी जूनपर्यंत जाईल, त्याची चिंता नाही. आजारी पडली तर फोन न करता डायरीत चिठ्ठी लिहून द्यायची आणि ताप उतरून पूर्ण एक दिवस झाल्याखेरीज पाठवायचे नाही. हे मी परिचारिका म्हणूनही सांगते.

भांडणांची मात्र एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. कोणी ढकलले, कोणी रबर घेतला, अशा तक्रारी घेऊन ती फाटकाबाहेर येईल आणि समोरच त्या मुलाची आई उभी असेल. तिच्याशी काहीही बोलायचे नाही. डायरीत दोन ओळी लिहायच्या; मग वर्गशिक्षिका दोन्ही मुलांना समोरासमोर बसवतात, आधी एकाला बोलू देतात, मग दुसऱ्याला, आणि शेवटी माफी मागायची की नाही हे मुलांनाच ठरवू देतात. गेल्या वर्षी एका आजोबांनी फाटकावरच दुसऱ्याच्या नातवाला दटावले, आणि ती दोन्ही मुले तोवर आपसांत मिटवून मोकळीही झाली होती. शाळेने त्या आजोबांना आदराने आत बोलावून चहा दिला आणि ही पद्धत समजावून सांगितली.

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे आपला उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत प्रत्येक मुलाला एक छोटा पत्र्याचा डबा मिळतो. एखादा खाऊ सोडून वाचलेले पैसे त्यात टाकायचे आणि शेवटी ते गरजू कुटुंबांच्या शिध्यासाठी जातात. आई, त्यात पदराखालून पन्नासची नोट सरकवायची नाही. गेल्या खेपेला माऊने चाळीस दिवसांत 63 रुपये जमवले होते आणि प्रत्येक नाणे कोणत्या आइस्क्रीमचे, कोणत्या चिक्कीचे, हे तिला पाठ होते. तिचे ते 63 रुपये तिचेच राहू देत. नाताळातही तसेच: भेटवस्तू नाहीत, प्रत्येक घरातून एक किलो तांदूळ किंवा डाळ.

आणखी एक काम खास बाबांसाठी. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला घरचे कोणीतरी मोठे माणूस वर्गात येऊन गोष्ट सांगते. आमच्यापैकी कोणालाही कधी सुट्टी मिळाली नाही. या वेळी मी तुमचे नाव देणार आहे. नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांनी चालवलेली मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली, पुढे 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे मिस फरार यांच्याकडेही घेतले, हे तुम्ही आम्हाला ज्या रीतीने सांगत होतात त्याच रीतीने या मुलांना सांगा. पुण्याच्या मुलांना भिडे वाडा माहीत असतो, त्याच्या मागचे नगर माहीत नसते.

मुलांना न्यायला येणाऱ्याकडे फोटोचे कार्ड असल्याशिवाय शाळा मूल सोडत नाही, मग ते सख्खे आजोबा का असेनात. त्यासाठी तुम्हा दोघांचे प्रत्येकी दोन पासपोर्ट आकाराचे फोटो आणि आधार कार्डाची प्रत मला या महिनाअखेरीपर्यंत हवी आहे. कार्यालय शनिवारी एकपर्यंतच उघडे असते आणि 30 तारखेचा शनिवार मी सुट्टी म्हणून मागून घेतला आहे. बाबा, फोटो चष्मा लावूनच काढा, कारण दुपारी अडीचला फाटकावर उभे राहाल तेव्हा चष्मा तुमच्या डोळ्यांवरच असेल. आईला साष्टांग सलाम, आणि बाबा, तुम्ही गुडघ्याची गोळी वेळेवर घ्यावी.

तुमची लेक,
बेबी