जपानीचा क्लास आणि जपानीतली पदवी: बारावीनंतर प्रवेश घेण्याआधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की पुण्या-मुंबईतल्या जपानीच्या वर्गांमध्ये चौकशीला रीघ लागते. बहुतेक घरांतला बेत ठरलेला असतो. बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंगला नाव घालायचे, संध्याकाळी जपानीचा क्लास लावायचा आणि तीन-चार वर्षांत जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली एन२ ही वरून दुसरी पातळी पदरात पाडून घ्यायची. आयटी कंपनीत किंवा चाकणच्या कारखान्यात दुभाष्याचे काम करायचे असेल, तर यात काही चूक नाही. पण जिला जपानी भाषा आणि संस्कृती हाच अभ्यासाचा विषय करायचा आहे आणि त्यासाठी तिकडच्या विद्यापीठात जायचे आहे, तिला हा बेत महागात पडतो. ते लक्षात येईपर्यंत दुसरे वर्ष सरलेले असते. मग बैल गेला नि झोपा केला, अशी गत होते.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे 'मेक्स्ट' म्हणतात त्याच्या, अनेक शिष्यवृत्त्या आहेत. त्यांतली एक खास भाषा-संस्कृतीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. तिचे जपानी नाव लांबलचक आहे, म्हणून वर्गात सगळे 'निक्केनसेई' म्हणतात. साधारण एक वर्षाचा अभ्यासक्रम, शिक्षणशुल्क नाही, जाण्यायेण्याचे विमानभाडे आणि दरमहा १,१७,००० येन. काही ठराविक भागांत त्यावर दोन-तीन हजार येन जास्त. अठरा पूर्ण आणि तिशीच्या आत, ही वयाची अट. शेवटी पदवी मिळत नाही, पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळते. ओसाका, त्सुकुबा, हिरोशिमा, कानाझावा, तोक्योचे परकीय भाषा विद्यापीठ अशा ठिकाणी हे अभ्यासक्रम चालतात. काहींचा भर भाषेवर असतो, काहींचा संस्कृतीच्या अभ्यासावर. अर्जात विद्यापीठांचा पसंतीक्रम द्यायचा असतो, त्यामुळे हा फरक माहितीपुस्तिकेत आधी वाचलेला बरा. भाषेवर भर असलेले विद्यापीठ पहिल्या पसंतीला आणि अभ्यासाच्या योजनेत मात्र काबुकी हे पारंपरिक नाट्य, असे अर्ज दरवर्षी होतात.

पण खरी मेख पात्रतेत आहे. अर्जदार जपानबाहेरच्या विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत असला पाहिजे, आणि त्याचा मुख्य विषय जपानी भाषा किंवा संस्कृती हाच असला पाहिजे. इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र किंवा वास्तुकला हा मुख्य विषय आणि जोडीला जपानी, असे चालत नाही. सूचनापत्रात हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. म्हणजे बी.कॉम. करणारी, खासगी वर्गात शिकून एन१ झालेली मुलगी अपात्र, आणि जपानीत बी.ए. करणारी, अजून एन३वर असलेली मुलगी पात्र. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनरची भाषा आली आहे. त्यात जपानी 'मायनर' म्हणून घेतलेल्यांनीही या भ्रमात राहू नये.

दुसरी अट वेळेची. जपानला पोहोचताना आणि तिथून परतताना, दोन्ही वेळी अर्जदार आपल्या विद्यापीठाचा पदवीचा विद्यार्थी असायला हवा. दिल्लीच्या जपानी दूतावासाची सूचना साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीला निघते, त्यानंतर जपानीची लेखी परीक्षा आणि मुलाखत होते, आणि निवड झालेल्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरात निघायचे असते. तीन वर्षांच्या बी.ए.चे गणित यावर बसवून पाहा. तिसऱ्या वर्षात अर्ज केला, तर निघायच्या आधीच पदवी हातात पडते आणि अपात्र ठरायला होते. पहिल्या वर्षात केला, तर विद्यापीठात किमान एक वर्ष जपानी शिकलेले असण्याची अट आडवी येऊ शकते, शिवाय भाषा कच्ची असते. उरते ते दुसरे वर्ष, म्हणजे चौथे सत्र. एकच संधी. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्याला दोन मिळतात.

इथे आमच्या विद्यापीठांबद्दल तक्रार नोंदवल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या वर्षानंतर गेलेली मुलगी परतते ती पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात. तोवर इथले पाचवे सत्र जून-जुलैतच सुरू झालेले असते. तिची हजेरी कशी धरायची, तिकडचे श्रेयांक इथे मिळणार की नाही, मधल्या वर्षात नाव पटावर राहणार की पुन्हा प्रवेश घ्यायचा, याचे लेखी उत्तर आधी मिळत नाही. नाव पटावरून निघाले तर शिष्यवृत्तीची अटच मोडते. जाण्याआधी विभागप्रमुखांच्या सहीने हे सगळे कागदावर घ्यावे. 'नंतर बघू' या शब्दावर विमानात बसू नये.

आता कागदपत्रे. सर्वांत जास्त घोळ नावात होतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात असते आणि वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. जेएलपीटीचा अर्ज भरताना तिसरेच काही लिहिले जाते. जपानी कचेरीत मधले नाव ही कल्पनाच रुळलेली नाही. तिथे पासपोर्टवर आहे तेच अक्षरन् अक्षर खरे. म्हणून प्रत्येक अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे, आणि त्यासाठी पासपोर्ट जेएलपीटीच्याही आधी काढून ठेवावा. काताकाना या, परकी नावे लिहायच्या जपानी लिपीतले स्पेलिंगही एकदा ठरवून तेच कायम वापरावे. पुढे बँकेत 'ध'चा 'मा' झाला तर खात्यात पैसे जमा व्हायला अडचण येते. जोशी मंडळींनी दीर्घ स्वराच्या रेघा विसरू नयेत, एवढे जाता जाता सांगतो. रेघांशिवाय 'जोशी' म्हणजे जपानी व्याकरणातले विभक्तीसारखे प्रत्यय, किंवा मुली.

फोटो मेक्स्टसाठी ४.५ बाय ३.५ सेंटीमीटरचा, सहा महिन्यांच्या आतला. हाताने भरायचे अर्ज काळ्या बॉलपेनने भरावेत. घासल्यावर पुसले जाणारे पेन चालत नाही, कारण ती शाई उष्णतेने उडते. व्हाइटनरही नको. चुकले तर नवा कोरा अर्ज घ्यावा. शिफारसपत्र विद्यापीठाच्या लेटरहेडवर, शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे किंवा विभागप्रमुखांचे असावे आणि पाकीट बंद असावे. क्लासच्या सरांनी कितीही मनापासून लिहून दिले, तरी ते विद्यापीठाचे पत्र होत नाही. गुणपत्रिका प्रत्येक सत्राची जोडावी आणि गुणपद्धतीचा खुलासा सोबत द्यावा. साठ टक्के म्हणजे आपल्याकडे पहिला वर्ग, हे तिकडच्या तपासनीसाला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

जेएलपीटीबद्दलही थोडे. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. एन२ला १८० पैकी ९० हवेत, एन१ला १००, पण प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९ मिळावेच लागतात. एकूण १२० पडले आणि श्रवणात १८ आले, तर एन२ नापास. आपल्याकडची बरीच मुले कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरे, घोकतात आणि श्रवणात मार खातात. शिवाय या परीक्षेत बोलणे नाही, लिहिणेही नाही. एन२चा कागद असलेला विद्यार्थी मुलाखतीत तीन वाक्यांत आटपतो, ते त्यामुळेच. डिसेंबरचा निकाल जानेवारीत ऑनलाइन लागतो, पण छापील प्रमाणपत्र बरेच उशिरा येते. अर्जाची मुदत आधी असेल तर ऑनलाइन निकालाची प्रत जोडून तसे नमूद करावे.

अर्जातला सर्वांत वजनदार कागद मात्र अभ्यासाची योजना किंवा हेतुपत्र, जपानीत 'शिबोरियूशो'. 'लहानपणापासून अॅनिमे पाहते, जपानी लोकांची शिस्त आवडते, दोन देशांतला पूल व्हायचे आहे.' निवड करणाऱ्यांपुढे अशा पत्रांचा ढीग असतो. त्यांना हवा असतो एक अरुंद प्रश्न, तो हाताळायची रीत आणि तो त्याच विद्यापीठात का, याचे कारण. मराठी मुलांना असा प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. आपले 'करून बघणे' म्हणजे जपानीतले 'शिते मिरु', आणि 'मिरु'चा अर्थ बघणेच. 'करून ठेवणे' म्हणजे 'शिते ओकु', आणि 'ओकु' म्हणजे ठेवणे. इथवर जोडी जुळते. पण 'हे काय करून ठेवलंस!' यातला वैताग 'ओकु'त येत नाही. झालेल्या गोष्टीची हळहळ जपानी माणूस बहुधा 'शिते शिमाऊ'त घालतो. ही फारकत कुठे सुरू होते? एवढ्यावर एक वर्षाचा अभ्यास उभा राहतो, आणि इंग्रजीतून जपानी शिकलेल्याला तो सुचणारही नाही. 'तू-तुम्ही-आपण' आणि जपानीतली आदराची व नम्रतेची क्रियापदे यांची तुलनाही चांगली, फक्त ती एखाद्या प्रसंगापुरती मर्यादित करावी: दुकानातले बोलणे, दवाखान्यातले बोलणे. 'जपानी आणि मराठी संस्कृतीचा तौलनिक अभ्यास' हे शीर्षक पाहिले की अर्ज बाजूला पडलाच समजा.

लिहिताना आणखी एक. 'देसु-मासु' ही नम्र बोलण्याची आणि 'देआरु' ही औपचारिक लेखनाची, या दोन शैली एकाच पत्रात मिसळू नयेत. व्याकरणाच्या दहा चुकांपेक्षा ही सरमिसळ जास्त खुपते. चौकटीच्या कागदावर लिहायचे असेल, तर परिच्छेदाची पहिली चौकट मोकळी सोडावी, पूर्णविरामाला स्वतंत्र चौकट द्यावी, आणि तो ओळीच्या सुरुवातीला येत असेल तर आधीच्या ओळीच्या शेवटच्या चौकटीतच घालावा.

निक्केनसेई हुकली तर सगळे संपले असे नाही. आपल्या विद्यापीठाचा जपानी विद्यापीठाशी करार असेल, तर देवाणघेवाणीत शुल्क इथलेच भरून तिकडे शिकता येते, आणि निवड झाल्यास जास्सो या संस्थेचे महिना ८०,००० येन मिळू शकतात. बारावीनंतर थेट जपानमध्ये पदवी करायची असेल, तर राष्ट्रीय विद्यापीठे बहुधा जून आणि नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या ईजेयू या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या परीक्षेचे गुण मागतात. त्यात जपानी ४५० गुणांचे, पैकी ५० निबंधाचे. शिवाय कला शाखेला 'जपान आणि जग' २०० आणि गणित २०० गुणांचे असू शकते. गणित सोडून आलेल्या मुलांना हे शेवटच्या क्षणी कळते. राष्ट्रीय विद्यापीठांचे ठरलेले दर असे: अर्जाचे १७,००० येन, प्रवेशाचे २,८२,०००, वर्षाचे शुल्क ५,३५,८००. तोक्यो विद्यापीठाने २०२५पासून हे वार्षिक शुल्क ६,४२,९६० येन केले. स्वखर्चाने जाणाऱ्याला खर्च पेलण्याचा पुरावाही द्यावा लागतो. ऐनवेळी मामाने खात्यात भरलेली रक्कम तपासणीत उठून दिसते, तेव्हा पैसे कुठून आले त्याचे कागद लागतात.

विभागाचे नाव नीट वाचणेही तितकेच गरजेचे. 'कोकुबुनगाकु' म्हणजे जपानी मुलांसाठीचा त्यांच्या स्वभाषेच्या साहित्याचा विभाग. तिथे भाषा शिकवत नाहीत. हजार वर्षांपूर्वीचे जुने जपानी वाचता येईल, असे गृहीत धरतात. परदेशी मुलांनी 'निहोंगो' किंवा 'निहोनगाकु' अशा नावांचे विभाग आधी पाहावेत. तोक्योच्या परकीय भाषा विद्यापीठात २०१९मध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय जपान-अध्ययन शाखा जपानी आणि परदेशी विद्यार्थ्यांना एकत्र शिकवते.

एम.ए.ला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तिकडे पदव्युत्तर प्रवेशाचा सर्वसाधारण निकष सोळा वर्षांच्या शिक्षणाचा आहे, आणि आपली तीन वर्षांची पदवी धरून पंधराच होतात. अशांची पात्रता बहुतेक ठिकाणी स्वतंत्रपणे तपासली जाते, आणि त्या तपासणीची मुदत मूळ अर्जाच्या आधी संपते. दुसरे म्हणजे मेक्स्टच्या संशोधक-विद्यार्थी शिष्यवृत्तीला विषय पदवीच्या विषयाशी जोडलेला लागतो. बी.कॉम. अधिक एन१ यावर जपानी साहित्याचा अर्ज तिथेही लंगडा पडतो.

जपानीत पदवीची सोय देशात मोजक्या ठिकाणी आहे. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, दिल्लीत जेएनयू, शांतिनिकेतनात विश्वभारतीचे निप्पॉन भवन. जेएनयूसाठी सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिची नोंदणी बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी बंद होते. म्हणजे हा निर्णय निकालानंतर घेण्यासारखा नाहीच. आपल्या वृत्तपत्राची प्रवेश पुरवणी मे-जूनमध्ये निघते. जपानीपुरता एक रकाना तिने जानेवारीत छापावा, आणि त्यात सीयूईटीच्या नोंदणीसोबत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्यांसाठी निक्केनसेईची सूचनाही द्यावी, अशी विनंती आहे.

आपले,
जपानी भाषेचे काही शिक्षक, पुणे