अज्जी, पहाटेच्या त्या बसण्यासाठी

आदरणीय अज्जींना,
बेळगावच्या वडगावातल्या तुमच्या शेजारणीचा नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. तुमची भाषा कन्नड; मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून सावकाश वाच असं त्याला बजावलंय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आपल्या गल्लीत रात्र जागून काढणारी मी एकटी नाही हे आता मला ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात आमचे दोन्ही माग बंद होते. साड्यांना उठाव नव्हता, दिलेल्या मालाचे पैसे अडकले होते, पाटल्या गहाण पडल्या होत्या. रात्री अडीचला जाग यायची ती हिशेब डोक्यात घेऊनच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या घेत होते. मोबाइलवर ध्यानाचे व्हिडिओही लावून पाहिले. मन रिकामं करा, असं त्यात सांगायचे. मी रिकामं करायला बसले की ते दुप्पट भरायचं आणि वर वाटायचं, एवढंसुद्धा आपल्याला जमत नाही. इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात, तिथं जावं असंही मनात आलं. पण दहा दिवस घर कुणावर टाकून जाणार?

तुम्ही ओट्यावर कांड्या भरत बसला होता. माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "उद्या साडेपाचला ये. गोळ्या बंद करू नकोस, पण ये."

मला वाटलं होतं, काहीतरी मंत्र द्याल. तुमची इष्टलिंगाची पूजा मी खिडकीतून रोज बघायची. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर खिळलेली नजर, आणि शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी न हलणारी मान. आमच्या माहेरी चंदगडकडे गळ्यात तुळशीची माळ आणि संध्याकाळी हरिपाठ. तुम्ही त्यातलं काही बदलायला सांगितलं नाहीत. "तुझा विठ्ठल तुझ्याजवळ, माझा शिव माझ्याजवळ. उसिरु मात्र सारखाच," म्हणालात. उसिरु म्हणजे श्वास, हे मला तेव्हा कळलं. मग म्हणालात, "उसिरु नोड." श्वास बघ. ओढू नको, रोखू नको, नुसता बघ.

आणि मोजायला लावलंत ते कन्नडमध्ये. श्वास बाहेर गेला की ओंदु, पुढचा गेला की एरडु, असं हत्तुपर्यंत, मग परत ओंदुपासून. मराठीत मी एक ते दहा झोपेतही म्हणेन, आणि आकडे पुढे जात असताना मन गहाणाच्या पावतीवर बसलेलं असेल. ओंबत्तु, म्हणजे नऊ, मात्र मला आठवून म्हणावं लागायचं. तेवढ्यापुरतं तरी मन जागेवर राहायचं. तुम्ही हे मुद्दाम केलंत का, ते आजवर विचारलं नाही.

तरी दर चौथ्या-पाचव्या श्वासाला मी हरवायची. आठव्या दिवशी रडले. म्हटलं, अज्जी, मन थांबतच नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत, "ताण्यातला धागा तुटला तर काय करतेस?" माग थांबवते, गाठ मारते, परत चालू करते. "धाग्याला शिव्या देतेस? सगळा ताणा कापून टाकतेस?" नाही. "मग? होगली बिडु, जाऊ दे. गाठ मार, चालू कर."

अज्जी, मला मिळालं ते सगळं या बोलण्यात आहे. मन भरकटलं हे ज्या क्षणी कळतं, तो क्षण चुकीचा नसतो, तीच खरी साधना असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझे वडील गीतेचा सहावा अध्याय वाचायचे. त्यात ३४व्या श्लोकात अर्जुन म्हणतो की मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे. कृष्ण ते नाकारत नाही. पुढच्याच श्लोकात तो अभ्यास आणि वैराग्य हे दोन शब्द देतो. लहानपणापासून कानावर पडलेला अभ्यास हा शब्द तुमच्या गाठीनं मला उलगडला.

श्वास सोडताना तो थोडा लांबवायला तुम्ही नंतर शिकवलंत. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सावकाश सोडलेल्या श्वासानं शरीर निवतं. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही नुसतं हसलात.

आणखी एक. सहा वाजले की शेजारचे माग सुरू व्हायचे आणि मी चिडून डोळे उघडायची. तुम्ही म्हणालात, आवाजाशी भांडू नकोस, तोच ऐक. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता त्या खटखटीतही बसता येतं. उलट वीज गेली आणि सगळी गल्ली एकदम गप्प झाली, की माझ्या डोक्यातला गलका जास्त ऐकू येतो. तेव्हा मी गाठी मारत बसते.

कर्ज अजून आहे. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. पण एक माग चालू झालाय, आणि अडीचला जाग आली तरी हत्तुपर्यंत दोन-तीनदा गेलं की बहुतेक वेळा डोळा लागतो. डॉक्टरांनीच गोळी कमी केली. परवा थकलेल्या पैशांसाठी फोन केला तेव्हा घसा दाटून आला. श्वास अडकलाय हे मला कळलं, आधी तो सोडला, मग बोलले. पैसे मिळाले नाहीत, पण फोन ठेवल्यावर हात थरथरत नव्हते.

अज्जी, सांगून तुम्ही मोकळ्या झाला असता तरी मी ऋणी राहिले असते. तुम्ही चाळीस पहाटा गुडघे दुखत असताना माझ्याशेजारी बसलात, भिंतीला पाठ टेकून, एक शब्द न बोलता. एकटीनं मी चौथ्या दिवशीच सोडून दिलं असतं. त्या बसण्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

मागच्या गल्लीतली एक सून परवा मला विचारत होती, झोप लागत नाही, काय करू. तिला उद्या साडेपाचला घेऊन येतेय. सतरंजी मी आणते. तुम्ही फक्त दाराची कडी काढून ठेवा.

तुमची,
शेजारच्या माडीवरची