मोती, मनी आणि बिनजोडाक्षरी गोष्ट

नाशिक

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "आई, चिऊ मराठी वाचायला बसतच नाही. आणि ह्या छोट्या पुस्तकांत काही घडतही नाही गं. शेजारच्या काकू येतात, मांजर हरवतं, मांजर सापडतं, संपलं." माझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, नीट बोलता आलं नाही. म्हणून आज लिहायला बसले. सोबत तुझी जुनी वही पाठवतेय, निळ्या पुठ्ठ्याची. आठवते ना?

सोनू, मांजर हरवणं आणि सापडणं एवढंच सहा वर्षांच्या मुलीच्या दिवसात पुष्कळ असतं. चिऊचं जग केवढं? घर, जिना, समोरचं दार, खाली बसणारं एखादं कुत्रं, शाळेत डब्यातला घास देणारी एखादी मुलगी. ती वाचायला लागते तेव्हा अक्षरं परकी असतात, निदान माणसं तरी ओळखीची असू देत. मी ३२ वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. राक्षस आणि राजवाडे मुलांना आवडतात, पण ते ऐकायला. स्वतः बोट ठेवून वाचायचं असतं तेव्हा त्यांना शेजारच्या काकूच लागतात.

आणि आपली लिपी बाहेरून दिसते तेवढी सोपी नाही. "कि" लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारताना नंतर. "सूर्य" मधला रफार बसलेला असतो य च्या डोक्यावर, पण म्हणायचा य च्या आधी. मुलाचं बोट पुढे जातं, डोळा मागे येतो, तोंड मध्येच अडकतं. तू "वाचत नाही" म्हणतेस ना, ती खरं तर एवढी कसरत करत असते. म्हणून पहिल्या गोष्टी बिनजोडाक्षरी असतात. "शेजारी" हा शब्द बघ. शे ला मात्रा, जा ला काना, री ला दीर्घ वेलांटी. तीन अक्षरांत तीन खुणा आल्या, जोडाक्षर एकही नाही. पहिलीसाठी ह्याच्याइतका गुणी शब्द मला दुसरा सापडलेला नाही.

पण "मित्र" लिहिता येत नाही. "मैत्री" नाही, "मैत्रीण" नाही, "दोस्त" सुद्धा नाही. सगळ्यांत जोडाक्षर. "सोबती" चालतो, "सवंगडी" चालतो, पण मुलं बोलताना ते शब्द कुठे वापरतात? तेव्हा मैत्रीची गोष्ट मैत्री हा शब्द न वापरता लिहायची. सुरुवातीला मला ती मोठी अडचण वाटायची. पुढे कळलं, त्यामुळेच ह्या गोष्टी चांगल्या होतात. शब्द नाही म्हटल्यावर कोणीतरी कोणासाठी काहीतरी करावंच लागतं.

कुत्र्याचंही तेच. मांजर, ससा, गाय, शेळी, चिमणी, कावळा सगळे पहिल्या पुस्तकात सरळ चालत येतात. "कुत्रा" मात्र दारात अडतो. मग त्याला नावानं आत आणायचं. वाड्यातल्या खालच्या काकूंचा मोती तुझ्या वहीत असाच आला. तू त्याला इतकी घाबरायचीस की शाळेत जाताना माझ्या पदराआडून जिना उतरायचीस. त्या पावसाळ्यात मी एका पानावर हे लिहिलं होतं:

"मोती दारात बसतो. मनी खिडकीत बसते. मोती मनीला बघतो. मनी बघत नाही. पाऊस आला. खूप पाऊस आला. मनी भिजली. मोती सरकला. मनी आत आली."

तू पहिल्या दिवशी "मनी भिजली" पर्यंत आलीस आणि थांबलीस. "भि" पाशी अडलीस म्हणून मी सांगणार होते, पण तुझे ओठ हलत होते, म्हणून गप्प राहिले. बऱ्याच वेळानं तू "भिजली" म्हणालीस, मग पुढचं एका दमात वाचलंस. "मोती सरकला" वर परत आलीस. ते दोन शब्द तू तीनदा वाचलेस आणि मला विचारलंस, "त्यानं तिला जागा दिली?" मी फक्त हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात मोती आडवा पडला होता. तू पदर सोडलास आणि म्हणालीस, "मोती, सरक." तो उठला सुद्धा. आठवड्याभरात तू त्याला पोळीचा तुकडा द्यायला लागलीस. काकू ते कौतुक पुढे कितीतरी वर्षं सांगायच्या.

म्हणून एक कर. चिऊ अडली की लगेच शब्द सांगू नकोस. मनातल्या मनात पाचपर्यंत मोज. बोट ओळीखाली राहू दे, तिचं, तुझं नको. तीच गोष्ट ती पुन्हा मागेल, पाठ झाली तरी मागेल. मागू दे, पाठ झालेल्या ओळीवरूनच तिला अक्षर ओळखू येईल. आणि गोष्ट संपली की "मग आपण काय शिकलो?" असं अजिबात विचारू नकोस. माझं हे कळकळीचं सांगणं आहे. त्या प्रश्नासरशी मुलांचा चेहरा कसा पडतो ते मी वर्गात पाहिलंय. मनी आत आली, बस.

वहीच्या मागच्या बाजूला मी एक नवीन गोष्ट लिहिलीय. २००८ च्या सप्टेंबरातला पूर तुला आठवत असेल. गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी चढत होतं आणि पुराचा अंदाज ज्याच्यावरून घेतात त्या नदीतल्या मूर्तीबद्दल जो तो एकच विचारत होता, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" घाटाकडची दोन कुटुंबं आपल्या वाड्यात आली, त्यांच्याबरोबर एक शेळी. ती जिना चढेना. तू पुढून हिरवा पाला दाखवत होतीस आणि वरचे आजोबा, ज्यांना अंगणात चिमणीनं घाण केलेलीसुद्धा खपायची नाही, ते मागून तिला हळूहळू ढकलत होते. रात्रभर शेळी त्यांच्याच खोलीबाहेर बांधलेली होती. सकाळी बघते तर तिच्या अंगावर त्यांची घोंगडी. मी गोष्टीत पूर मोठा केलेला नाही. "पाणी आले. शेळी वर आली. आजोबा जागे होते." एवढंच आहे.

तुला स्वतः लिहावंसं वाटलं तर अवश्य लिही, पण पोपट पिंजऱ्यात घालू नकोस. जुन्या गोष्टींत तो हमखास पिंजऱ्यात असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपले रानातले पोपट असे पाळता येत नाहीत, आणि चिऊनं ते चित्र बघून हट्ट धरू नये. पेरूच्या झाडावर बसव त्याला. शेजारी म्हणून तिथेही तो शोभतो.

दिवाळीत आलात की तिला सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, घेऊन जाऊ. १८४० पासूनचं आपलं वाचनालय आहे, तू तिथे पहिल्यांदा गेलीस तेव्हा एवढी पुस्तकं बघून माझा हात घट्ट धरला होतास. "किशोर" मासिकाचे अंक मी जपून ठेवलेत, पण ते अजून दोन-तीन वर्षांनी. आधी मोती आणि मनी होऊ देत.

वहीत शेवटची चार पानं कोरी ठेवली आहेत. तुमच्या समोरच्या दारातल्या आजींकडे मांजर आहे म्हणालीस, चिऊ रोज तिला बघायला जाते. त्या आजींना मराठी येत नाही आणि चिऊला त्यांची भाषा येत नाही, तरी दोघी अर्धा अर्धा तास बसतात, हे तू सांगितलंस तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. त्या मांजरीचं नाव कळव. जोडाक्षर असेल तर चिऊलाच विचार, गोष्टीपुरतं दुसरं काय ठेवायचं ते.

जावईबापूंना आशीर्वाद. चिऊला पापा.

तुझी,
आई