बाबांचं बटर, आईचं लोणी

मडगाव,
रविवार, रात्री उशिरा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई ऐकू देत नाही, म्हणून पत्र. शिवाय मला जे सांगायचंय ते "बरं बरं, जेवलीस का?" असं मध्येच तोडलं जायला नको होतं. बाबा, नेहमीसारखं आईला मोठ्याने वाचून दाखवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा नंतर करा.

काल शेजारच्या माईंचा फोन आला. आपल्या गोठ्यातलं दूध आई अजून घेते, पण साय साठवत नाही आणि तीन आठवडे ताक केलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. रवी धुऊन, पुसून, फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलीय म्हणे. माईंना वाटलं आईचा हात दुखतोय. मी "हो" म्हटलं. काय दुखतंय ते मला ठाऊक होतं.

त्या रविवारचं मला शब्दन् शब्द आठवतंय. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंटची जाळी बसवून बाबांना बांबोळीच्या इस्पितळातून घरी आणून दहा दिवस झाले होते. हातावर सुयांचे निळे डाग होते, आणि ताटात पोदेराच्या भट्टीतली गरम पोळी, तिच्यावर आईने ठेवलेला लोण्याचा गोळा. मी ताट ओढून घेतलं आणि म्हटलं, "याच लोण्याने त्यांना तिथवर नेलं, आणि तू अजून वाढतेसच?" आई काही बोलली नाही. तिने बोटाने लोणी परत वाटीत काढलं आणि आत गेली. बाबा तेवढे म्हणाले, "बाय, पोळी निवते."

मग मी पिशवीतून तो पिवळा डबा काढला. लोण्याऐवजी लावायचा, हृदयाला चांगला, असं सांगून फ्रीजमध्ये ठेवला आणि संध्याकाळच्या बसने परत आले. बसमध्ये मला वाटत होतं की मी मोठं शहाणपणाचं काम केलंय.

वेर्ण्याला मी दिवसभर काय करते ते तुम्हाला माहीत आहे. औषधाच्या प्रत्येक बॅचचे कागद तपासते आणि एक दशांश इकडचा तिकडे झाला तर सही करत नाही. आणि बापासाठी डबा घेताना झाकणावरचं लाल हृदय पाहिलं, डबा उलटा केलाच नाही! तसाच एक डबा माझ्याही फ्रीजमध्ये आहे. तो गेल्या आठवड्यात उलटा केला. घटकांमध्ये पहिलं नाव पाम तेलाचं. पाम तेलातली जवळजवळ अर्धी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, म्हणजे लोण्यातल्या ज्या चरबीसाठी मी आईला बोलले तीच. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे असल्या 'फॅट स्प्रेड'मध्ये चरबी ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकते, बाकी बहुतेक पाणी. लोण्यापेक्षा संपृक्त चरबी त्यात कमी आहे, हे खरं. पण मी ज्या तोऱ्यात तो डबा ताटाशेजारी ठेवला, तेवढा काही तो थोर नाही.

उद्या आई म्हणेल, "बघ, लोणीच बरं." तसंही नाही गो आई. सूर्यफूल, मोहरी किंवा ऑलिव्हच्या तेलाचा मऊ स्प्रेड असेल, त्यात पाम तेल नावापुरतं असेल, तर लोण्याच्या जागी तो खाल्ल्यावर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला रिपोर्टात एलडीएल लिहितात, ते उतरतं. हे पुन्हा पुन्हा तपासून झालंय, त्यात वाद नाही. फक्त मी आणलेला डबा तसला नाही.

बाबा, तुम्ही इतिहास शिकवलात म्हणून हे खास तुमच्यासाठी. मार्जरीन, म्हणजे असलं लोण्यासारखं नकली लोणी, निघालं ते हृदयाच्या काळजीने नव्हे, स्वस्ताईसाठी. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त, टिकाऊ लोणी हवं होतं. त्याने बक्षीस लावलं आणि 1869 साली मेज-मुरिए नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते करून दाखवलं. कशापासून? गाईच्या चरबीपासून. (हे वाक्य आईला वाचून दाखवू नका. वाचून झालं असेल तर ती आता डबा उचलून अंगणात टाकेल.) पुढे 1902 मध्ये नॉर्मन या जर्मन माणसाने पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि मग सगळा कारभार वनस्पती तेलांवर आला. आपल्याकडे 1937 पासून डालडा. आजीच्या तोंडी सगळंच वनस्पती तूप म्हणजे डालडा होतं, आणि तो शब्द ती शिवीसारखा वापरायची ते आठवतं ना? तिचा संशय सरकारलाही होताच. वनस्पती तुपात निदान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती होती, कारण साजूक तुपात कुणी वनस्पती मिसळलं तर तिळाच्या तेलामुळे प्रयोगशाळेत त्याला लालसर रंग येतो आणि चोरी पकडली जाते. ही चाचणी मी कॉलेजात केली होती. परीक्षानळीत तो रंग चढताना मला आजीच दिसली होती.

खरी गंमत पुढे आहे, म्हणजे गंमत म्हणायची तर. तेल असं अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. 1990 मध्ये हॉलंडच्या संशोधकांनी दाखवलं की ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं, म्हणजे दोन्हीकडून मार. तोवर कित्येक वर्षं जगभर हृदयाच्या रोग्यांना लोणी सोडून तेच घट्ट मार्जरीन खायला सांगितलं जात होतं. आता आपल्याकडेही कायदा आहे, जानेवारी 2022 पासून खाद्यतेलात आणि वनस्पती तुपात असं कारखान्यात तयार होणारं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. पण त्या सल्ला देणाऱ्यांचा विचार करताना मला माझाच तो रविवारचा आवाज ऐकू आला. त्यांचीही खात्री माझ्याइतकीच असणार.

आता हिशेब. बाबांचं दिवसाचं खाणं साधारण 1800 कॅलरीचं धरू. संपृक्त चरबी त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे 180 कॅलरी. एक ग्रॅम चरबीच्या 9 कॅलरी, म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम. स्टेंट बसलेल्या माणसाने त्याच्याही बरंच खाली राहावं. दुकानातल्या बटरच्या चहाच्या चमच्यात, 5 ग्रॅममध्ये, संपृक्त चरबी साधारण अडीच ग्रॅम असते. आईच्या लोण्यात पाणी जास्त, म्हणून थोडी कमीच. आणि मीठ शून्य. (मिठाबद्दल एवढंच म्हणते की तोरांच्या लोणच्याची बरणी बाबांच्या हाताच्या अंतरावर ठेवून लोण्यातल्या मिठाची चर्चा करण्यात अर्थ नाही.)

मग बाकीची चरबी येते कुठून, म्हणून मी डोक्यातल्या डोक्यात आपल्या स्वयंपाकघरात फिरले, आणि विळीपाशी अडकले. ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅममागे सुमारे 30 ग्रॅम संपृक्त चरबी असते. माशाच्या हुमणाला अर्धा नारळ वाटला जातो, खोबरं दीडशे ग्रॅम धरा, झाली 45 ग्रॅम. तुम्ही दोघं ते दोन वेळा पुरवता, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एका जेवणात अकरा ग्रॅमच्या आसपास. शिवाय फोडणी खोबरेल तेलाची, आणि त्यात संपृक्त चरबी लोण्याहूनही जास्त. म्हणजे एका चमच्यावरून मी घर डोक्यावर घेतलं, आणि त्याच ताटात चारपट ओतलं जात होतं ते मीही भुरके मारत खाल्लं. सोमवारी मासे नाहीत, शिवराक असलं तरी सुटका नाही, खतखत्यातही खोबरं आहेच.

आई, आता तू म्हणशील, "नारळावर आलीस? मग खायचं तरी काय?" थांब. नारळ बंद कर असं मी म्हणत नाहीये. गोव्यात राहून ते मला जमत नाही, तुला काय सांगू? वाटणाला अर्ध्याऐवजी पाव नारळ घे आणि दाटपणाला थोडे धणे जास्त. फोडणीचं तेल शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं. बांगडा हवा तेवढा खा, त्यातली चरबी हृदयाला मानवणारी आहे. पण तो तळू नका.

आता बाबा, पुढचा परिच्छेद तुम्ही वाचताना अडखळणार, म्हणून आईला सांगतेय की तिने तो स्वतः चष्मा लावून वाचावा.

दुपारी चारच्या चहाबरोबर दोन खाऱ्या आणि दोन जिरा-बटर. रोज. मी शाळेत होते तेव्हापासून. बाबा, त्या बटरमध्ये बटर नसतं. नातवाचा वाढदिवस होता तेव्हा मी केक आणायला बेकरीच्या मागच्या दाराने आत गेले, तिथे खोक्यांची उतरंड होती आणि प्रत्येक खोक्यावर 'बेकरी मार्जरीन'. आतल्या माणसाला विचारलं तर तो हसला. म्हणाला, लोणी परवडत नाही, आणि परवडलं तरी आपल्या हवेत खारीचे थर लागायचे नाहीत. बरोबरच आहे. लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं, इथे मे महिन्यात भट्टीशेजारच्या टेबलावर त्याचं पाणीच होईल. खारीला थर सुटावेत म्हणून तसल्या उष्म्यातही घट्ट राहणारी चरबी लागते. आणि एवढी घट्ट राहते ती चरबी एक तर संपृक्त, नाहीतर पूर्वीसारखी ट्रान्सवाली. सुट्या खारीवर लेबल नसतं, त्यामुळे कायदा पाळलाय की नाही ते तुम्ही-आम्ही बघणार कसं? वर बाजारातल्या हॉटेलातली मिरची भजी. तुम्ही फिरायला म्हणून जाता तिथली. मला माहीत आहे. त्या कढईतलं तेल किती वेळा तापलंय ते विचारून बघा एकदा.

बांबोळीच्या डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय ते मी फोटोत पुन्हा वाचलं. तेल-तूप कमी, बेकरीचे पदार्थ बंद, तळलेलं बंद, चालणं, गोळ्या. "बेकरीचे पदार्थ बंद" ही ओळ आपल्यापैकी कुणीच वाचली नव्हती, आणि लोण्यावर मात्र तीन आठवडे घरात बोलणं बंद. आईवर रागावणं सोपं होतं. बाबांच्या खारीवर रागवायचं तर आधी माझ्यावर रागवावं लागतं, कारण दर खेपेला मडगावहून तो पुडा मीच आणते.

रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी चुकवू नका. खाण्यातल्या फेरफाराने जेवढं उतरेल त्यापेक्षा जास्त त्या गोळीने उतरतं. एक खारी कमी खाल्ली म्हणून गोळीला सुट्टी, असला हिशेब तुम्ही करता, बाबा. पेन्शनीचाही तसाच करता.

तर माझं म्हणणं असं. चारच्या चहाला भाजलेले शेंगदाणे किंवा चणे. सकाळच्या पोळीला डाळीची भाजी, नाहीतर शेंगदाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटून ते लावायचे. आई, हे तुला आवडेल, चिमूटभर गूळ घालून बघ. आणि रविवारी पोळीवर एक चमचा लोणी. आईच्या हातचं, सपाट चमचा, गोळा नाही. आईचा 'एक चमचा' म्हणजे डाव, हे आपण तिघंही जाणतो, म्हणून मी लॅबसारखा पाच ग्रॅमचा छोटा चमचा आणतेय. उरलेलं लोणी कढव, तूप माझ्याकडे धाड, बेरी नातवाला. अष्टमीला कृष्णाच्या पोह्यांवर ठेवायला लोणी लागेलच, तिथे मी मोजमाप आणणार नाही.

आई, मी त्या दिवशी बोलले ते चूक होतं. हिशेबात चूक होतीच, पण हिशेब बरोबर असता तरी ताट ओढून, पोराच्या देखत बोलायला नको होतं. बांबोळीच्या त्या बाकड्यावर आपण दोघी रात्रभर बसलो होतो, तेव्हा तू माझा हात धरून जप करत होतीस आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं. ते दहा दिवसांनी तुझ्यावर निघालं.

पुढच्या शनिवारी येतेय. जावई आणि पोर दोघंही आहेत. माळ्यावर तू चढू नकोस, बाबांनी तर नाहीच नाही. रवी मी काढते. तू उद्यापासून साय मात्र साठवायला लाग, म्हणजे रविवारी सकाळी ताक होईल. पोराला लोणी वर येताना बघायचंय. त्याला वाटतं ते कागदातच तयार होतं.

तुमची,
बाय

ता.क. — पिवळा डबा एव्हाना अंगणात गेला नसेल तर टाकू नका. रिकामा करून धुतला की त्यात सोलं छान राहतील, झाकण घट्ट आहे. आणि बाबा, येताना खारीचा पुडा आणणार नाही. बसस्टँडवर वाट बघत उभे राहिलात तरी नाही.